शेअर काकांचे, सही आजीची

चुलत्यांचं तेरावं झाल्यावर दौंडच्या घरातली पत्र्याची पेटी उघडली. आत रेल्वेचे जुने पास, पेन्शनची कागदपत्रं आणि एका लग्नपत्रिकेच्या घडीत ठेवलेली चार शेअर सर्टिफिकेटं निघाली. जाड कागद, कडेला हिरवी वेलबुट्टी, खाली दोन संचालकांच्या सह्या. काकी म्हणाली, “हे टाकू नका असं ते सारखं सांगायचे.” टाकले नव्हते, एवढं खरं. पण त्यांचं पुढं काय करायचं हे मात्र काकांनी कुणालाच सांगून ठेवलं नव्हतं.

ते शेअर काकीच्या नावावर यायला सव्वीस महिने लागले. सगळं मिटल्यावर मी हिशेब मांडला. दोन महिने मृत्यूच्या दाखल्यात गेले. नऊ महिने सह्यांत आणि पाच नावांतल्या फरकात. सात महिने फाईल आमच्या फ्रीजवर पडून होती, कारण मी समजत होतो काकांचा थोरला मुलगा करतोय आणि थोरला समजत होता मी करतोय. उरले तीन महिने. कंपनी आणि तिच्या रजिस्ट्रारने खाल्लेले खरे महिने तेवढेच. त्या सव्वीस महिन्यांत शिव्या मात्र आम्ही फक्त कंपनीलाच घातल्या.

म्हणून शिरूर-दौंडकडच्या ज्यांच्या घरी अशी फाईल अडकली असेल, त्यांना माझं पहिलं सांगणं हे: उशीर नेमका कुठं होतोय ते आधी शोधा. कंपनीला कायद्याने मुदत बांधून दिलेली आहे, पण ती मुदत ‘सगळे कागद मिळाल्यापासून’ मोजतात. तुमचा एक कागद कमी असला तर घड्याळ सुरूच होत नाही, मग तुम्ही वर्षभर फोन करत बसा.

शेअर आहेत तरी कोणते, हे आधी ठरवा. आपल्याकडं ‘शेअर’ म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी निघतात. बाजारात नोंदलेल्या कंपनीचे, डीमॅट खात्यातले. तसल्याच कंपनीचे, पण जुन्या कागदावरचे. आणि घोडगंगा किंवा भीमा-पाटससारख्या सहकारी कारखान्याचा सभासदाचा शेअर. तिन्हींची वाट वेगळी. कारखान्याचं शेवटी सांगतो, कारण त्याचा कायदाच निराळा.

डीमॅट असेल तर काम तुलनेनं हलकं. ज्या बँकेत किंवा ब्रोकरकडं खातं असेल तिथं एकाच ठिकाणी सगळ्या कंपन्यांचं होतं. खातं आहे की नाही हेच माहीत नसेल तर मयताचं बँकेचं पासबुक वाचा. लाभांशाच्या पन्नास-साठ रुपयांच्या बारक्या नोंदी असतात, त्यांपुढं कंपनीचं नाव असतं. प्राप्तिकराच्या वार्षिक माहितीपत्रकातही लाभांश दिसतो.

कागदी सर्टिफिकेटावरची कंपनी आज त्या नावाने सापडेलच असं नाही. टिस्को आता टाटा स्टील आहे, टेल्कोची पुढं टाटा मोटर्स झाली. आणि पुणे जिल्ह्यात हमखास निघणारं सर्टिफिकेट म्हणजे जुन्या बजाज ऑटोचं. २००८ साली त्या कंपनीची फोड झाली. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली, आणि दर शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक असे शेअर मिळाले. म्हणजे पेटीत कागद एक, पण दावा तीन कंपन्यांवर. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘गुंतवणूकदार’ या भागात तिच्या रजिस्ट्रारचं, म्हणजे शेअरची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेचं, नाव-पत्ता मिळतो. पत्रव्यवहार त्याच्याशी करायचा. सर्टिफिकेटावर छापलेला तीस वर्षांपूर्वीचा पत्ता बहुधा बाद झालेला असतो. फोलिओ नंबर आणि नाव कळवून आधी एवढंच विचारा: आज शिल्लक किती, लाभांश कधीपासून थकलाय, नॉमिनी नोंदलाय का, आणि शेअर कंपनीकडंच आहेत की सरकारी निधीत गेलेत. या एका पत्राच्या उत्तरावर पुढची सगळी वाट ठरते.

आता दाखल्याची गोष्ट. काका वारले पुण्याच्या दवाखान्यात. आम्ही दाखला मागत बसलो दौंड नगरपरिषदेत. मृत्यूची नोंद राहत्या गावात होत नाही, मृत्यू जिथं झाला तिथं होते. ससूनला किंवा पुण्यातल्या खासगी दवाखान्यात गेलेल्या माणसाचा दाखला पुणे महापालिका देते, घरी गेलेल्याचा ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटलं आणि नोंदच झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, तो वेगळा खेटा. दाखल्यावरचं मयताचं नाव दवाखान्याच्या कागदावरून उतरवलेलं असतं, म्हणून दवाखान्यात नाव सांगताना आधार कार्ड पुढं करा. त्या घडीला हे सुचत नाही, मला मान्य आहे. पण त्या वेळी घाईत सांगितलेलं ‘बापू’ हे नाव पुढं वर्षभर छळतं.

दाखला हातात आला की लोक बायको आणि मुलांची यादी करतात आणि कामाला लागतात. आम्हीही तेच केलं. काकी, दोन मुलं, एक मुलगी: चार वारस. प्रतिज्ञापत्र टाईप झालं. ते वाचून दौंडच्या वकिलांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मयताची आई आहे का?”

होती. आमची आजी, नव्वदीतली, न्हावऱ्याजवळच्या आमच्या गावी, माझ्या वडिलांकडं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई, आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. बाप त्यात नाही, तो दुसऱ्या वर्गात. पण आई आहे. हे आपल्याकडं इतकं विसरलं जातं, की मी आता कुणाचीही फाईल हातात घेतली तरी पहिला प्रश्न वकीलसाहेबांचाच विचारतो. मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत हिश्श्याचं गणित वेगळं आहे. त्यांनी आपल्या वकिलाकडून वारसांची यादी लिहूनच घ्यावी.

आजीचा अंगठा घ्यायचा तर तिला नोटरीपुढं न्यायला हवं किंवा नोटरीला गावी आणायला हवं. ऊसतोड चालू होती, न्हावरा-चौफुला रस्त्यावर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांची रांग. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात म्हणता म्हणता आजी गेली.

इथून खरा घोळ. आजी गेली तरी तिचा पाचवा हिस्सा काही काकांच्या घरात परत येत नाही. तो तिच्या वारसांकडं जातो. म्हणजे माझे वडील, दोन्ही आत्या आणि काकांची तीन मुलं. त्यातली थोरली आत्या आजीच्याही आधी वारलेली, मग तिच्या जागी तिची दोन पोरं, एक चाकणला आणि एक सुरतेला. पाच सह्यांचं काम आठ सह्यांवर गेलं, आणि आजीचा मृत्यूचा दाखला वर जोडावा लागला. हे सगळं एका अंगठ्यापायी. तेव्हा घरात म्हातारी आई मागं ठेवून मुलगा गेला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिची सही किंवा अंगठा नोटरीसमोर करून घ्या. हे बोलायला कठोर वाटतं. पण उशीर जसा वाढतो तसे वारस वाढतात, आणि वारस वाढले की प्रत्येकाचं पॅन, आधार, रुसवा आणि सवड हे सगळं तुमच्या फाईलला चिकटतं.

बहिणींच्या सह्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणीपुढं ताट उचलल्यावर कागद सरकवायचा आणि ‘इथं सही कर, बँकेचं आहे’ म्हणायचं, ही रीत आपल्या तालुक्यांत किती जुनी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीला जो ना-हरकत कागद लागतो, त्यावर शेअर कुणाच्या नावावर करायला हरकत नाही एवढं लिहिलेलं असतं. त्यात कंपनीचं नाव, शेअरची संख्या आणि आजची किंमत बहिणीला दाखवा. तिला हिस्सा हवा असेल तर शेअर वाटून देता येतात, शेताच्या बांधासारखी त्यात मोजणी आणावी लागत नाही. न सांगता घेतलेली सही पुढं एका हरकतीच्या पत्रासरशी पडते. मग कंपनी हात वर करते आणि सरळ कोर्टाचा कागद मागते. आमच्या नऊ महिन्यांतले चार फक्त एका आत्येभावाला किंमत न सांगितल्यामुळं गेले. त्याला वाटलं लाखांचं घबाड आहे. आकडा कळल्यावर त्याने त्याच दिवशी सही केली आणि वर चहा पाजला.

नावांचं दुखणं वेगळंच. सर्टिफिकेटावर इंग्रजीत ‘सोपान गेनू’, आधारवर ‘सोपानराव गेनभाऊ’, दाखल्यावर आडनाव आधी, पासबुकात बापाच्या नावाचं एकच अक्षर. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, रजिस्ट्रारच्या टेबलावर चार माणसं दिसतात. त्यावर एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र चालतं, सोबत जुनं काहीतरी लागतं: शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीतलं सेवापुस्तक, पेन्शनचा आदेश, जुनं मतदार कार्ड. रेल्वेतल्या किंवा राज्य राखीव दलातल्या माणसाचं हे बहुधा नीट असतं. दौंडला त्या बाबतीत बरं. शेतकऱ्याच्या घरी अडचण जास्त.

बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव सुमन, सासरी आल्यावर तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव वैशाली, आधारवर तिसरंच. सुमनच वैशाली हे सांगणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात. लग्नाची नोंदणी कधी केलीच नसेल तर आता करून घ्या, शेअरसाठी म्हणून नव्हे, प्रत्येकच वारसकामात ती लागते. आणि एक बारीक गोष्ट: सगळ्या प्रतिज्ञापत्रांत इंग्रजी नावाची अक्षरं पॅन कार्डावर आहेत तशीच ठेवा. टाईप करणाऱ्याच्या मनाची नकोत.

नॉमिनी नोंदलेला असेल तर सह्यांचा हा डोंगर चढावा लागत नाही. नॉमिनीने मृत्यूचा दाखला, स्वतःचं पॅन आणि केवायसी, आणि वारस-हस्तांतरणाचा अर्ज म्हणजे आयएसआर-५ दिला की शेअर त्याच्या नावावर येतात. पण आले म्हणजे ते त्याचे झाले असं नाही. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने शेअरचा नॉमिनी हाच मालक असं म्हटलं होतं, आणि तेव्हापासून गावोगाव हा समज घट्ट बसला. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मागं मुदतठेवी आणि म्युच्युअल फंडांवरून जो दावा चालला, त्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ साली तो समज खोडला आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केलं. नॉमिनी म्हणजे कंपनीकडून माल ताब्यात घेणारा विश्वस्त. मालकी मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. तेव्हा नॉमिनी असलेल्या भावाने पुढं भावंडांना वाटून द्यायचं असतं. ते देणं विक्री धरलं जात नाही, तसं ब्रोकरला आधीच लिहून सांगा.

नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही, तर मग कोर्टात जावंच लागतं का? नेहमी नाही. शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या मे २०२२ च्या परिपत्रकाने मर्यादा वाढवल्या. कागदी शेअर एका कंपनीत ५ लाख रुपयांपर्यंतचे असतील, किंवा डीमॅट खात्यात १५ लाखांपर्यंतचे असतील, तर वारसांची प्रतिज्ञापत्रं, हमीपत्र आणि इतरांची ना-हरकत किंवा नोटरी केलेला कौटुंबिक वाटणीचा लेख यांवर काम होतं. ५ लाख हे दर कंपनीमागे आहेत, सगळ्या मिळून नव्हेत. पेटीत तीन कंपन्यांचे चार-चार लाखांचे कागद असले तरी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. आमचं असंच निभावलं. हमीपत्राचा स्टॅम्प काकीच्या नावाने घेतला. ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, तेव्हा जुना शंभराचा घरात आहे म्हणून त्यावर टाईप करून बसू नका.

मर्यादेपलीकडं गेलं की बहुधा दिवाणी न्यायालयाचा कागद लागतो, आणि इथं सर्वांत महाग पडणारी चूक होते. महाराष्ट्रात दोन दाखले एकमेकांत मिसळले जातात. एक आहे वारस दाखला, १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा, जो जमीन-घरासाठी लोक घेतात. दुसरा उत्तराधिकार प्रमाणपत्र, भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ खालचं, जे येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं. शेअर हे रोख्यांत मोडतात. वकिलाला ‘वारस दाखला काढा’ एवढंच सांगितलं तर तो बिचारा जमिनीचाच काढतो. वर्षभराने तो घेऊन रजिस्ट्रारकडं गेलात की उत्तर येतं, उत्तराधिकार प्रमाणपत्र पाठवा. पुन्हा अर्ज, पुन्हा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, पुन्हा हरकतींची मुदत. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाला कंपनीचं पत्र दाखवा, आणि अर्जाच्या परिशिष्टात प्रत्येक कंपनीचं आजचं नाव, फोलिओ नंबर, शेअरची संख्या आणि थकलेला लाभांश घाला. बोनसने वाढलेले शेअर राहून गेले तर तेवढ्यासाठी प्रमाणपत्र वाढवून घ्यावं लागतं. तलाठ्याकडची वारस नोंद आणि त्यावरून झालेला फेरफार हा सातबाऱ्यापुरता. २०२५ च्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत तुमच्या घरच्या नोंदी लागल्या असतील तर छानच, पण कंपनी त्यावर शेअर देत नाही. मृत्युपत्र असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, आणा असा आग्रह कुणी धरला तर सांगा, की मुंबईच्या हद्दीबाहेर शिरूर-दौंडकडं प्रोबेट कधीच सक्तीचं नव्हतं.

आता घड्याळ सुरू करायचं.

फाईल पाठवताना वर एक यादी लावा: कोणता कागद, किती पानं. आयएसआर-५, मूळ सर्टिफिकेट, दाखला, पॅन, अर्जदाराच्या केवायसीचे फॉर्म, बँकेकडून सही पडताळून घेतलेला फॉर्म, आणि अर्जदाराच्या डीमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट. शेवटची विसरू नका. २०२२ पासून कागदी सर्टिफिकेट परत मिळत नाही, शेअर डीमॅटमध्येच जमा होतात. काकीच्या नावाने डीमॅट खातं आधी उघडायला हवं होतं, हे आम्हाला फाईल परत आल्यावर कळलं. जुन्या अर्जावर तुम्हाला ‘लेटर ऑफ कन्फर्मेशन’ आलेलं असेल तर ते १२० दिवसांत डीमॅटवाल्याकडं द्यायचं असतं. ते फ्रेम करून ठेवण्याचा कागद नव्हे.

सगळ्याची झेरॉक्स नव्हे, मोबाईलने काढलेली स्वच्छ पीडीएफ ठेवा. पार्सल स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती छापून घ्या, आणि त्याच दिवशी रजिस्ट्रारला ईमेल करा: अमुक तारखेला अमुक कागद पाठवले, मिळाल्याचा आवक क्रमांक कळवा. तो क्रमांक आणि ती तारीख म्हणजे तुमचं घड्याळ. सेबीच्या नियमाप्रमाणे कागद पूर्ण मिळाल्यापासून डीमॅट शेअरचं काम ७ दिवसांत आणि कागदी शेअरचं २१ दिवसांत व्हायला हवं. बाजारात न नोंदलेल्या कंपनीलाही कंपनी कायद्याचं कलम ५६ लागू आहे, तिथं मुदत एक महिना आणि चुकलं तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५० हजार रुपये दंड.

आमची फाईल दोनदा परत आली. पहिल्यांदा एक त्रुटी, ती भागवली तर दुसरी, जी पहिल्या पत्रात नव्हतीच. मी तेव्हा चिडून फोनवर भांडलो, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. फोनवरचं बोलणं कुठंच नोंदलं जात नाही. दुसऱ्या खेपेला शांतपणे ईमेल केलं की आणखी काही त्रुटी असतील तर सगळ्या एकदम लेखी कळवा, त्यानंतरची नवी हरकत आम्ही विलंब समजू. चार दिवसांत पूर्ण यादी आली. त्यात नवीन काही नव्हतंच.

एवढं करूनही मुदत उलटली तर चढत जायच्या पायऱ्या अशा. आधी कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला, म्हणजे कंपनी सेक्रेटरीला लेखी तक्रार. रजिस्ट्रारवर त्याचा अंकुश असतो आणि बऱ्याच फायली इथंच हलतात. मग सेबीचं ‘स्कोअर्स’ हे ऑनलाईन तक्रारपोर्टल. एप्रिल २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती आहे, पॅनवरून नोंदणी होते, आणि तक्रार आल्यापासून २१ दिवसांत कंपनीला उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांत फेरविचार मागायचा, तिथं आळस केला की तक्रार निकाली निघते. तक्रार कारण घडल्यापासून वर्षाच्या आत हवी. तक्रारीत रडगाणं नको. आवक क्रमांक, तारीख, किती दिवस झाले, कोणता नियम मोडला, काय हवं. पाच ओळी. मोबाईल जमत नसेल तर सेबीचा टोल-फ्री क्रमांक १८०० २६६ ७५७५ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. कंपनीने लेखी नकारच दिला तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात अपील, पण ते वकिलाचं काम.

लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नसेल तर शेअर कंपनीकडं नसतातच. ते केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत गेलेले असतात. बुडालेले नसतात, पण वाट लांबते. वारसाला आधी कंपनीकडून हक्क मान्य केल्याचं पत्र घ्यावं लागतं, मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाईन, मग त्याच अर्जाची प्रत मूळ कागदांसह कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडं. नियमात कंपनीला पडताळणीसाठी ३० दिवस आणि प्राधिकरणाला त्यापुढं ६० दिवस दिलेत. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो हे धरूनच चाला. अर्जाला फी नाही. सेबी आणि या प्राधिकरणाने १ जून २०२५ रोजी पुण्यात ‘निवेशक शिबिर’ भरवलं होतं, तिथं लोकांना थेट टेबलावर माहिती मिळाली. पुढचं शिबिर जाहीर झालं तर एक दिवस काढून जाच.

निधीत गेलेल्या शेअरधारकांची नावं संकेतस्थळावर शोधता येतात, आणि ती तुम्हाला दिसतात तशी इतरांनाही दिसतात. तुमच्या वडिलांच्या नावावर मोठी रक्कम आहे, वीस टक्के द्या म्हणजे काढून देतो, असा फोन त्यातूनच येतो. काही जण खरंच काम करून देतात, मी नाकारत नाही. पण कुलमुखत्यारपत्र आणि सही केलेला कोरा धनादेश मागितला की फोन ठेवा.

आता कारखाना. न्हावऱ्याचा घोडगंगा काय किंवा पाटसचा भीमा काय, त्यांचा शेअर बाजारात विकायचा नसतो. त्याला चिकटलेलं असतं ते सभासदत्व: मत, उसाची नोंद, दिवाळीची साखर. इथं महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चं कलम ३० लागतं. मयताने नॉमिनी नोंदवला असेल तर त्या व्यक्तीच्या नावे, नसेल तर समितीला जो वारस वाटेल त्याच्या नावे शेअर जातो, आणि ती व्यक्ती सभासद म्हणून दाखल व्हावी लागते. एकच शेअर चार भावांत तोडता येत नाही, त्यामुळं बहुतेक कारखाने एकाचं नाव आणि बाकीच्यांची संमती मागतात. ज्याच्या नावावर ऊस आहे त्यानेच पुढं व्हावं हे सोयीचं. अर्जाची पोच आवक शिक्क्यासह घ्या, शेतकी ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाच्या हातात कागद देऊन येऊ नका. कलम २२ प्रमाणे सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. पण ते तीन महिने मोजायला तो शिक्काच लागतो. पुढची दाद पुण्याच्या प्रादेशिक साखर सहसंचालकांकडं, शिवाजीनगरच्या साखर संकुलात. कारखाना भाडेतत्त्वावर दुसऱ्याने चालवायला घेतला असला तरी सभासदांची नोंदवही सहकारी संस्थेचीच राहते. चालवणाऱ्या कंपनीच्या गेटवर अर्ज देऊन उपयोग नाही. निवडणूक तोंडावर आली की मयत सभासदांच्या वारसनोंदी अचानक पळायला लागतात, हे आपण सगळे पाहत आलोय. अर्ज आधी दिलेला असेल तर तुमचीही त्यात पळेल. तेवढा फायदा घ्यायला लाजायचं कारण नाही.

कराची भीती बऱ्याच जणांना असते. वारशाने शेअर आले म्हणून कर लागत नाही, मृत्युकर १९८५ सालीच गेला. विकले की नफ्यावर लागतो, आणि खरेदीची तारीख-किंमत मयताची धरतात. म्हणून जुन्या पावत्या फेकू नका.

काकीच्या डीमॅट खात्यात शेअर दिसले त्या दिवशी आम्ही दौंडच्या बँकेत गेलो, कारण नॉमिनीचा फॉर्म राहिला होता. साहेबांनी विचारलं, “आजी, कुणाचं नाव टाकायचं?” काकीने थोरल्याकडं पाहिलं, धाकट्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “तिघांचं लावा. लेकीचं आधी.” फॉर्मवर तीन ओळी भरल्या, प्रत्येकापुढं टक्के लिहिले, शेवटच्या टक्क्याचा तुकडा कुणाच्या वाट्याला घालायचा यावर दोघं भाऊ काउंटरपाशी पाच मिनिटं हुज्जत घालत बसले. मग काकीने तोही लेकीच्या रकान्यात घालायला लावला.